पहिल्या दिवशी पाटी काढू नका

या वर्षी आपल्या लालबागच्या प्रौढ साक्षरता वर्गात शिकवायला तुम्ही सहाजण नवीन आलात. दोघी कॉलेजातल्या, एक आयटीतला मुलगा, एक बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ, आणि एक सासू-सुनेची जोडी. एकाच घरातून सासू आणि सून दोघी शिकवायला येतात हे मी सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा पाहतेय. सगळ्यांच्या हातात वह्या, रंगीत तक्ते, एकाकडे तर लॅपटॉपसुद्धा. ते सगळं पिशवीतच राहू द्या. पहिल्या दिवशी पाटी काढायची नाही.

मग करायचं काय? बसायचं. चटईवर, शिकायला आलेल्या बायकांच्या ओळीत. समोर खुर्ची टाकून नाही. आणि विचारायचं. पण "किती शिकलात?" हा प्रश्न तोंडातून काढू नका. लग्नाच्या बाजारात, रेशनच्या रांगेत, हॉस्पिटलच्या खिडकीवर या बायकांनी तो जन्मभर ऐकलाय आणि दर वेळी खाली मान घालून उत्तर दिलंय. त्यापेक्षा विचारा, कुठल्या बसने आलात? गावाला कुठल्या गाडीने जाता? बीपीची गोळी कुठली आणि शुगरची कुठली, कशी ओळखता? आमच्या वर्गात दादरच्या फूलबाजारात पहाटे जाऊन फुलं आणणारी एक बाई होती. ती सांगायची, "दोन उलटे तीन आले की माझी बस." ६६ नंबर तिने असा पाठ केला होता. म्हणजे ३ येत होता, ६ हा त्याचा उलटा हेही कळत होतं, फक्त त्याला सहा म्हणतात हे कुणी सांगितलं नव्हतं. अर्ध्या मिनिटाचं काम. पण मी पहिल्याच दिवशी १ ते १० फळ्यावर लिहून काढले असते, तर ही बाई निम्मं वाचते आहे हे मला महिनाभर कळलं नसतं.

तर बाईला काय येत नाही ते तिला पक्कं ठाऊक असतं, तुम्ही सांगायची गरज नाही. काय येतं ते शोधून काढा. पहिले दोन दिवस एवढंच.

आता थोडं जुनं सांगते. आपणच काहीतरी नवीन सुरू केलंय अशा तोऱ्यात कुणी वागू नये म्हणून. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली ती १८५५ साली. आपल्या गिरणगावात ना. म. जोशींनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग सुरू केली; रात्रशाळा, वाचनालयं, मजुरांसाठी किती तरी उद्योग. परळच्या दामोदर हॉलमध्ये तुम्ही नाटकं पाहिली असतील, तो हॉल त्याच लीगचा. बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ असताना १९३९ साली मुंबईत साक्षरतेची मोठी मोहीम निघाली, त्यासाठी प्रौढ शिक्षणाची समिती झाली. तिचंच पुढे नाव झालं मुंबई शहर समाज शिक्षण समिती. याच समितीने १९६७ मध्ये वरळीत देशातलं पहिलं श्रमिक विद्यापीठ सुरू केलं. आज देशभर जी जनशिक्षण संस्थानं आहेत त्यांचं मूळ ते.

या सगळ्यांत मला कुलसुम सयानी जवळच्या वाटतात. रेडिओवरचे अमीन सयानी यांच्या त्या आई. पडद्यातल्या बायका वर्गाला येणार नाहीत, तर वर्ग त्यांच्या घरी न्यायचा, हे त्यांनी या शहरात करून दाखवलं. आणि नवसाक्षरांना वाचायला काही हवं म्हणून १९४० पासून वीस वर्षं 'रहबर' नावाचं पत्र काढलं. भाषा एकच, सोपी हिंदुस्थानी, पण लिप्या तीन: नागरी, उर्दू, गुजराती. ज्याला जी येते त्याने ती वाचावी. आजही कुणी एवढा खटाटोप करत नाही. शिकवून झालं की आपण टाळी वाजवतो आणि घरी जातो, आणि वाचायला काही नसलं की वर्षभरात सगळं पुसून जातं.

मी स्वतः यात आले ती २ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला त्या लाटेत. पाच वर्षांत दहा कोटी लोकांना शिकवायचं असं ठरलं होतं. आकडा ऐकून आम्हीही भारावलो होतो. मी महापालिकेच्या शाळेत सकाळी शिकवायचे आणि रात्री आठला चाळीच्या व्यायामशाळेत वर्ग घ्यायचे. पहिल्या पाळीचे पुरुष जेवून यायचे, डोळे मिटत असायचे. गिरणीतल्या बायकांचा वर्ग वेगळा, तो आठवड्यातून एकदा. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि वर्षभरात पुरुषांचा वर्ग बसला. कुणी गावाला गेले, कुणी हमाली धरली. उलट बायका वाढल्या. घर आता त्यांच्यावर आलं होतं. खानावळी, पापड, लोकांची धुणीभांडी. पैसा त्यांच्या हातात यायला लागला, तो ठेवायचा तर बँकेत जावं लागायचं, आणि बँकेत शाईच्या पॅडवर अंगठा. तेव्हापासून आपला वर्ग मुख्यतः बायकांचाच आहे.

माझी एक चूक सांगते, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. १९७९ ची गोष्ट. गिरणीच्या वाइंडिंग खात्यातली एक बाई, हात इतका चपळ की तुटलेला धागा कधी जोडला ते दिसायचं नाही. तिने पहिल्यांदा पूर्ण ओळ लिहिली. त्यात तीन चुका. मी शाळेतली बाई, सवयीने लाल पेन काढलं आणि तीन गोल केले. तिने वही मिटली, पदराखाली घेतली आणि तीन आठवडे आली नाही. शेवटी मी तिच्या खोलीवर गेले. चहा दिला. मग म्हणाली, "बाई, खात्यात दंड लागला की कारकून पण लाल शाईनंच लिवतो." त्या दिवसापासून माझ्या पिशवीत लाल पेन नाही. चूक दाखवायची तर शेजारी बरोबर शब्द पेन्सिलीने लिहून ठेवा. ती स्वतः बघते आणि स्वतः खोडते. खोडरबर तिच्या हातात, तुमच्या नाही.

तसंच शाब्बासकीचं. पाठ थोपटू नका. साठीच्या बाईला "शाब्बास, छान हं!" म्हटलं की ती हसते, पण मनात खट्टू होते, तिची नात तिसरीत आहे, नातीला असं म्हणतात. बडबडगीतं नकोत, चांदण्या चिकटवणं नको. हाक मारताना ताई, काकू, मावशी; आजी म्हणायचं तर तिने स्वतः म्हटल्यावर. पुरुष आले तर काका, नाहीतर नुसतं नाव आणि पुढे 'राव'. आणि 'निरक्षर' हा शब्द रजिस्टरात असतो तो तिथेच राहू द्या. 'अंगठेबहाद्दर' तर थट्टेतही नको.

अक्षरं कुठून काढायची? पुस्तकात ग, म, भ, न पासून सुरुवात असते, ती चुकीची नाही. सरळ काना आणि एखादी गाठ, हात बसायला सोपी. पण आमचा वर्ग नावापासून सुरू होतो, कारण तेच तिला हवं असतं. नाव कमल असलं तर बाई नशीबवान, काना नाही, मात्रा नाही, तीन दिवसांत सही. नाव लक्ष्मी किंवा द्रौपदी असलं की पहिल्याच दिवशी जोडाक्षर दारात उभं. अशा वेळी फोडून सांगत बसू नका, अर्धा क, मग ष वगैरे. रांगोळी जशी ठिपक्यांवरून एका ओघात काढतात तसं अख्खं नाव काढायला द्या. फोड नंतर, महिन्याने, ती विचारेल तेव्हा. या बायकांच्या हाताला ठिपके आणि रेघा कळतात, हे विसरू नका. अडचण असते ती पेन्सिल धरण्यात. भाकरी थापणारा, कोलंबी सोलणारा हात पेन्सिल अशी आवळून धरतो की अक्षर खालच्या तीन पानांवर उमटतं आणि टोक मोडतं. जाड पेन्सिली आणा, टोक बोथट ठेवा, आणि एकीकडे तासायला दोन-चार जास्तीच्या असू द्या. "सैल धरा" म्हणून काही होत नाही. बोलायला लावा, गप्पांत हात आपोआप सैल होतो.

नावाचा आणखी एक पेच आहे. कुठलं नाव? माहेरचं एक, लग्नात बदललेलं दुसरं, आधार कार्डावर तिसऱ्याच प्रकारे लिहिलेलं. आधी विचारा, तुम्हाला कुठलं लिहायचंय? एक बाई चाळीस वर्षांनी माहेरचं नाव लिहून बसली होती, वहीच्या मागच्या पानावर, बँकेसाठी नाही. ते पान कुणाला दाखवलं नाही. मी पाहिलं ते चुकून.

हिशेबाच्या बाबतीत तुम्ही त्यांना शिकवायला जाल आणि त्याच तुम्हाला शिकवतील. अडीच डझन गजरे, पंधरा रुपयांना एक, त्यातले चार कोमेजले. तोंडी उत्तर येईल, तुम्ही मोबाईल काढेपर्यंत. तेव्हा बेरजा शिकवू नका, बेरीज कागदावर कशी दिसते तेवढं दाखवा. खरा गोंधळ आकड्यांच्या दोन जातींचा. बेस्टच्या बसवर पुढे देवनागरी आकडे, फोनवर इंग्रजी. देवनागरी १ पाहून फोनवरचा इंग्रजी नऊ आठवतो, आणि आपला ४ हुबेहूब इंग्रजी आठ. एकाच दिवशी दोन्ही शिकवलेत की बाई पुढच्या आठवड्यात भलत्याला फोन लावते. आधी फोनचे आकडे, कारण तिला गावाला मुलीशी बोलायचं असतं. ते घट्ट झाल्यावर बसचे. बँकेतल्या काकांना हे पटणार नाही, त्यांना पहिल्यापासून आकडे ओळीत हवेत. काका, महिनाभर माझं ऐका, मग तुमचं करा.

फोनचा विषय निघाला म्हणून. तिचा फोन तुमच्या हातात घेऊ नका. पिन तिने दाबायचा, ओटीपी तिने वाचायचा, तुम्ही भिंतीकडे बघायचं. पूर्वी आम्ही पत्रं वाचून द्यायचो. कोकणातून, साताऱ्याकडून, कुणाची जमीन गेली, कुणाच्या नवऱ्याने दुसरी ठेवली. वाचून झालं की विसरायचं, जिन्यातसुद्धा आठवायचं नाही. आता पत्रं नाहीत, मेसेज आहेत, नियम तोच.

पुढची गोष्ट जरा जपून ऐका, यात मी पोळले आहे. सही शिकवणं सोपं आहे आणि तितकंच धोक्याचं. बाईने अंगठा दिला तर समोरच्याला कागद वाचून दाखवावा लागतो, साक्षीदार लागतो. सही करणाऱ्याला कुणी काही वाचून दाखवत नाही. सही केलीस म्हणजे वाचलंस असं धरतात. आमच्या वर्गातली एक विधवा, खोली तिच्या नावावर. नुकतीच सही यायला लागलेली. चाळीच्या पुनर्विकासाचे कागद घेऊन माणूस आला, तिने मोठ्या हौसेने चार ठिकाणी सही ठोकली आणि संध्याकाळी वर्गात पेढे वाटले. त्या कागदांत काय होतं ते तिला सहा महिन्यांनी कळलं. पेढा मीही खाल्ला होता.

त्यानंतर आमच्याकडे सहीच्या आधी एक वाक्य तोंडपाठ करून घेतात: "कागद ठेवून जा, वाचून उद्या देते." म्हणायचा सराव करायचा. एकीने बिल्डरचा माणूस व्हायचं, दुसरीने हे वाक्य म्हणायचं. बायका खूप हसतात, पदर तोंडाला लावून, पण दहा वेळा म्हटलं की घशात अडकत नाही. सही त्याच्यानंतर.

वाचायला काय द्यायचं, असं कॉलेजातल्या दोघींनी विचारलं होतं. पुस्तकं नंतर. आधी लाइटचं बिल, गोळ्यांची पट्टी, एसटीची पाटी, आणि भिंतीवरचं कालनिर्णय. १९७३ पासून जयंतराव साळगावकरांनी आपल्या घराघरात एक वाचनपाठ टांगून ठेवलाय, आपण तो वापरत नाही एवढंच. बाईला आधीच माहीत असतं की त्या चौकटीत एकादशी आहे, त्या चौकटीत संकष्टी. अर्थ ठाऊक असलेला शब्द वाचायला निम्मे कष्ट. आमच्या चाळीतली एक बाई तीस वर्षं संकष्टीचा उपास करायची आणि दर महिन्याला शेजारच्या घरी हाक मारून विचारायची, "बाळा, आज चंद्र किती वाजता रे?" त्या घरात आधी मुलगा सांगायचा, तो मोठा होऊन विरारला गेला, मग त्याचा भाचा सांगायला लागला. एका महिन्यात ती वर्गात कॅलेंडर सुरळी करून घेऊन आली. चौकटीवर बोट ठेवलं. चं, मग द्रो, तिथे बराच वेळ, मग दय. मग आकडे. रात्री गॅलरीत आली आणि शेजारच्या दारात उभी राहून त्या भाच्याला म्हणाली, "आज नऊ बावीस." तो म्हणाला, हो का. परत मोबाईलमध्ये डोकं घातलं. तिला त्याचं काही नव्हतं. ती मोदकांकडे गेली.

बोलीचं एक राहिलं. साताऱ्याची बाई 'पानी' म्हणते, तसंच लिहिते. मालवणी बाई वेगळंच काही. खोडू नका. तिने आपल्या कानाने ऐकून बरोबर लिहिलंय, एवढं तरी तुम्ही मान्य करा. पाटीवर, बिलावर 'पाणी' दिसलं की एक दिवस तीच विचारते, "बाई, ह्याचं पोट असं का?" तेव्हा ण दाखवा. उत्तरेकडच्या बायका येतात, त्यांना नागरी ओळखीची असते, ळ मात्र नसतो. पूर्वी वरळीकडे तेलुगू पद्मशाली विणकरांच्या घरातल्या बायका असायच्या. त्या मराठी बोलायला आपल्यापेक्षा जोरात आणि लिहायला हळू. सगळ्या चालतात.

परीक्षेची भीती घालू नका. सरकारचा आता उल्हास नावाचा कार्यक्रम आहे, २०२२ ते २०२७. आपल्याकडे त्याची पहिली परीक्षा १७ मार्च २०२४ ला झाली. दीडशे गुण, वाचन, लेखन, आकडेमोड पन्नास-पन्नास, पास व्हायला ३३ टक्के. ज्यांना बसायचंय त्यांना बसवा, कागद मिळाला की आनंद होतो. ज्यांना नाही त्यांच्या मागे लागू नका. फांगण्याच्या आजीबाईंच्या शाळेचे फोटो तुम्ही पाहिले असतील, मुरबाडकडे, गुलाबी साड्यांतल्या आज्या. ती २०१६ ला सुरू झाली, तिथे त्या आज्यांची शाळा अख्ख्या गावाने मिरवली, म्हणून त्यांना फोटोची लाज नाही. लालबागच्या चाळीत तसं नाही. इथे एका बाईच्या सुनेला माहीतच नव्हतं की सासूला वाचता येत नाही. पेपर हातात धरून बसायची ती. ८ सप्टेंबरला साक्षरता दिनाच्या एका कार्यक्रमात एका संस्थेने तिला स्टेजवर बोलावलं, "पूर्वी मी निरक्षर होते" असं माइकवर म्हणायला लावलं आणि फोटो पेपरात आला. ती परत वर्गाला आली नाही. म्हणून वर्गात फोटो नाही, स्टेटस नाही, तुमच्या आईला दाखवायलासुद्धा नाही.

कुणी दोन दिवस आली नाही तर वर्गात "काल कुठे होता?" विचारू नका. तिसऱ्या दिवशी तिच्या दारावर जा. आत बोलावलं तर आत, नाही तर उंबऱ्यावर. चहा दिला तर नाही म्हणायचं नाही. साखर चालत नसली तरी दोन घोट. वर्गाचा विषय तुम्ही काढू नका, ती काढते.

राहिलं वेळापत्रक. गणपतीच्या आधी पंधरा दिवस आणि नंतर आठ दिवस वर्ग नाही. लालबागमध्ये त्या दिवसांत जिन्यात उभं राहायला जागा नसते आणि निम्म्या बायका चतुर्थीला गावी असतात. शिमगा, मे महिना, तसंच. नवीन बाई घ्यायची तर दसऱ्यानंतर, तेव्हा ती चार महिने सलग येते. आणि आपली वेळ दुपारी अडीच ते पावणेचार. कॉलेजवाल्यांना ती अडचणीची आहे हे मला माहीत आहे, पण चार वाजता नळाला पाणी येतं. पावणेचारला एकीची नजर दाराकडे गेली की समजा वर्ग संपला, तुमचं वाक्य अर्धं असलं तरी. आधी पिंप भरू देत.

मंगळवारपासून या. किल्ली खाली वाण्याकडे असते, माझं नाव सांगा. चटया कपाटामागे आहेत, झटकून घाला. आणि दाराजवळची जागा सोडा. तिथे एक मावशी बसतात, त्यांना मध्येच उठून दूध बघायला जावं लागतं.